वर्गणीदार नागरिक

मराठीत 'समाज' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, आणि आपल्या परिसरातील सेवाभावी संस्थांना आधार कोणी, कशासाठी व कसा द्यावा या प्रश्नाची बरीचशी गुंतागुंत या दोन अर्थांतूनच निर्माण होते. 'समाजाचे देणे फेडावे' असे म्हणताना समाज म्हणजे सर्व माणसे असे अभिप्रेत असते. 'आमच्या समाजाचे वसतिगृह' किंवा 'आमच्या समाजाचे मंगल कार्यालय' असे म्हणताना मात्र त्याच शब्दाचा अर्थ जात असा होतो. महाराष्ट्रातील संस्थाजीवन या दोन्ही अर्थांनी घडले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले, तेव्हा शिक्षणापासून दूर ठेवलेल्या मुलांना शहरात डोके टेकायलाही जागा मिळत नव्हती, आणि त्या परिस्थितीत जातीच्या नावाने उभारलेले छप्पर ही न्यायाची पहिली पायरी होती. पुण्यातील कोथरूडसारख्या उपनगरात, जिथे एकाच इमारतीतील बारा बिऱ्हाडे बारा गावांहून आलेली असतात आणि त्या इमारतीचा कचरा उचलणारी बाई तेराव्या गावाहून, 'आपला समाज' म्हणजे कोण हे आता नव्याने ठरवावे लागते. आपला समाज म्हणजे आपली वस्ती, तिच्यातील सोसायट्यांसकट आणि झोपड्यांसकट, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे; आणि या वस्तीतील संस्था टिकवायच्या असतील तर सणावारी दिलेल्या देणगीपेक्षा वर्षानुवर्षे चालणारी, हिशेब मागणारी वर्गणी अधिक मोलाची आहे, हे त्याचे दुसरे अंग आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे इष्ट. ना-नफा संस्था म्हणजे जिला उत्पन्न नसते अशी संस्था, हा समज चुकीचा आहे. जिच्याकडील शिल्लक कोणाही मालकाला वा सभासदाला वाटून घेता येत नाही, ती संस्थेच्या उद्दिष्टांवरच खर्च करावी लागते, ती ना-नफा संस्था होय. महाराष्ट्रात अशा संस्था मुख्यतः तीन प्रकारे नोंदल्या जातात: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खाली. पहिल्या दोन प्रकारांतील संस्थांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते आणि त्यांना दरवर्षी लेखापरीक्षण केलेले हिशेब सादर करावे लागतात. याखेरीज सहकारी संस्था हा वेगळा प्रकार आहे; तिचे सभासद हेच तिचे मालक असल्यामुळे काटेकोर अर्थाने ती ना-नफा नव्हे, तथापि कष्टकऱ्यांनी आपल्या श्रमाच्या रक्षणासाठी उभारलेली सहकारी संस्था परिसराच्या आधाराला तितकीच पात्र ठरते.

कायद्यातील या भेदांइतकाच महत्त्वाचा भेद मराठी भाषेने देण्याच्या तीन शब्दांत जपून ठेवला आहे. दान दिले की देणाऱ्याचा त्या वस्तूशी संबंध संपतो, आणि पुण्य पदरी पडत असल्यामुळे पुढे त्याचे काय झाले हे विचारणे गौण मानले जाते. देणगी ही बहुधा मोठी, एकरकमी आणि नावानिशी दिलेली असते. तिची पाटी भिंतीवर लागते. वर्गणी मात्र लहान असते, ठरलेल्या मुदतीने परत परत द्यावी लागते आणि अनेकांनी मिळून द्यायची असते. शिवाय वर्गणीदाराला पावती मागण्याचा, सभेला जाण्याचा आणि खर्चाबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क आपोआप मिळतो. वाचनालय, व्यायामशाळा, नाट्यसंस्था, नियतकालिक आणि गणेशोत्सव ही पुण्याच्या सार्वजनिक जीवनाची ओळख वर्गणीवरच पोसली गेली आहे. दान हे पुण्यसंचयाशी आणि देणगी ही प्रतिष्ठेशी बांधलेली असते. वर्गणीने मात्र माणूस नागरिकत्वाशी बांधला जातो.

संस्था या मध्यस्थाची गरज का भासली, हेही पुण्याच्याच जुन्या एका रिवाजावरून समजते. बाहेरगावाहून शिकायला आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत असे. वार लावणे म्हणजे आठवड्यातील प्रत्येक वारी एकेका घरी जेवण्याची सोय करणे. या रिवाजाने अनेकांचे शिक्षण पार पडले, हे खरे असले तरी जेवणाऱ्या मुलाला रोज एका नव्या यजमानापुढे संकोचाने बसावे लागे, घरातल्यांची मर्जी सांभाळावी लागे, आणि हे दार सर्व जातींच्या मुलांसाठी उघडे नसे, हेही तितकेच खरे आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन झाली आणि ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांना वसतिगृहाचा आधार मिळाला, तेव्हा पानात पडणारे अन्न कदाचित तेवढेच साधे राहिले असेल, परंतु ते देणाऱ्याचा चेहरा समोरून हटला. मदत घेणाऱ्याला कोणा एकाच्या उपकाराखाली वाकावे लागू नये, ही संस्थेची सर्वांत मोठी देणगी आहे. व्यक्तीने व्यक्तीला थेट पैसे देण्यापेक्षा संस्थेमार्फत देणे श्रेयस्कर का, याचे उत्तर कार्यक्षमतेच्या आधी या आत्मसन्मानात शोधावे लागते.

कोथरूड आणि कर्वेनगर या भागाची आजची ओळखच अशा वर्गणीतून घडली आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई (पुढे आनंदीबाई कर्वे) या विधवेशी विवाह केला आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुण्यात प्लेगने थैमान घातल्यावर आश्रम शहराबाहेर नेण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे (आजचे कर्वेनगर) येथील सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम तिथे गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे कर्वे पुण्यातील नोकरी सांभाळून हिंगण्याची ती वाट पायी तुडवत राहिले. जमीन एका दात्याची असली तरी तिच्यावर रोज पेटणारी चूल शिक्षक, कारकून, वकील अशा मध्यमवर्गीय माणसांच्या लहान रकमांवर चालली, आणि त्या रकमा गोळा करण्यासाठी कर्वे स्वतः, आनंदीबाई कर्वे आणि पार्वतीबाई आठवले दारोदार आणि गावोगाव हिंडले. पार्वतीबाई तर निधीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. विधवांच्या शिक्षणाबद्दल समाजाचा विरोध तीव्र असताना मिळालेली एक रुपयाची वर्गणी ही पैशाइतकीच मताची पावती होती: ती देणारा उघडपणे एका बाजूला उभा राहत होता.

याच परंपरेत मोठ्या देणगीचे सामर्थ्य आणि तिची किंमत या दोन्ही गोष्टी दिसतात. कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी देऊ केल्यावर ते त्यांच्या मातोश्रींच्या नावाने, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे मुंबईला हलले. त्या देणगीने विद्यापीठाला आर्थिक बळ दिले, म्हणून तिच्याबद्दल कृतज्ञताच असायला हवी. परंतु मोठा पैसा आपल्याबरोबर नाव, अटी आणि गुरुत्वमध्य घेऊन येतो, हेही या इतिहासातून लक्षात येते. लहान वर्गणीदारांची संख्या जिथे मोठी असते, तिथे संस्थेला कोणा एकाच्या इच्छेने दिशा बदलावी लागत नाही.

हिंगण्याच्या आदर्शालाही मर्यादा होती, आणि ती न सांगता त्याचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आरंभीच्या काळात आश्रमाचे दार मुख्यतः ब्राह्मण आणि तत्सम वरच्या मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रियांसाठीच उघडे होते. म्हणजे प्रारंभी सांगितलेल्या 'समाज' या शब्दाच्या अरुंद अर्थातच ते काम सुरू झाले. कर्वे मात्र तिथे थांबले नाहीत. १९३६ साली खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले, आणि वयाच्या ८६ व्या वर्षी, १९४४ मध्ये, जातिभेद आणि विषमता यांच्या निवारणासाठी समता संघ स्थापन केला. वयाबरोबर ज्याच्या समाजाचा परीघ वाढत गेला, अशा माणसाचे नाव कोथरूडच्या मुख्य रस्त्याला आहे. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी आपला परीघ कुठे थांबला आहे हे तपासून पाहणे ओघानेच येते.

तो परीघ पुढे कसा वाढला, हेही याच रस्त्यावर पाहता येते. ठाकरसी विद्यापीठाचे पुण्यातील संकुल कर्वे रस्त्यावर आहे, आणि त्याच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या स्त्रियांमध्ये काम करू लागल्या, तेव्हा अक्षरओळखीपेक्षा या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता मिळणे अधिक निकडीचे आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था जन्माला आली, जिने २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. कोथरूडचा जुना कचरा डेपो बंद झाला, त्या जागेवर आज मेट्रोचे आगार आहे; पण डेपो हलला म्हणून कचरा नाहीसा झाला नाही, तो रोज सकाळी कोणाच्या तरी हातांतूनच जातो.

ते हात काय करतात, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सोसायटीच्या जिन्याखाली ढकलगाडी लावून कचरावेचक बाई मजल्यामजल्यावरून ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या बादल्यांत उतरवते, मग खाली बसून सुक्या कचऱ्यातून कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, दुधाच्या पिशव्या असे ढीग लावते. त्यातले जे विकले जाते तो तिच्या उत्पन्नाचा एक भाग, आणि घरटी मिळणारे मासिक शुल्क हा दुसरा. वापरलेली सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते पुडके उघडून पाहण्याची वेळ तिच्यावर येणार नाही, अशी तिच्या संघटनेची घरोघरच्या माणसांकडे मागणी आहे. या कामाला आधार देण्यासाठी धनादेश फाडावा लागत नाही. शुल्क वेळेवर द्यावे, दोन बादल्या खरोखर वेगळ्या ठेवाव्यात, पुडक्यावर ठिपका काढावा आणि ठेकेदारी आणून हे काम काढून घेण्याची भाषा होईल तेव्हा सोसायटीच्या सभेत उभे राहून बोलावे, एवढे पुरे आहे. ज्या घरातून हजारोंची देणगी दूरच्या संस्थेला जाते आणि त्याच घराच्या कचऱ्यात काच उघडी टाकली जाते, तिथे दातृत्व आणि नागरिकत्व यांची फारकत झालेली असते.

परिसरातील आधारास पात्र संस्थांचे स्थूलमानाने तीन वर्ग कल्पिता येतात. पहिला वर्ग सांभाळ करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या संस्थांचा. १९३४ साली स्थापन झालेल्या पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड या संस्थेची मुलींची शाळा कोथरूडमध्ये आहे. पालकनीती परिवाराचे खेळघर १९९६ पासून कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतील मुलांबरोबर काम करते आणि खेळ, गप्पा, कला यांतून शिकण्याची गोडी लावते. दुसरा वर्ग कष्टकऱ्यांच्या स्वतःच्या संघटनांचा, ज्याचे उदाहरण वर आले आहे. तिसरा वर्ग अभ्यास आणि देखरेख करणाऱ्या संस्थांचा असून तो सर्वांत कमी दिसतो, आणि म्हणूनच त्याला वर्गणी सर्वांत कमी मिळते. १९९४ साली स्थापन झालेल्या 'प्रयास'चा ऊर्जा गट कोथरूडच्या औद्योगिक वसाहतीत बसून विजेचे दर, करार आणि नियमन यांचा अभ्यास करतो. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार ग्राहकांना किती महाग पडेल याची आकडेमोड या गटाने नव्वदच्या दशकात लोकांसमोर ठेवली, आणि पुढे घरांतील प्लगमध्ये बसवलेल्या लहानशा यंत्राने मिनिटामिनिटाचा वीजपुरवठा नोंदवून त्या नोंदी सर्वांना पाहण्यासाठी खुल्या केल्या. डहाणूकर कॉलनीतून काम करणाऱ्या 'साथी' या संस्थेने २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीचे काम केले. त्यात गावकरी स्वतः आपल्या आरोग्य केंद्राची पाहणी करतात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर आपले प्रश्न मांडतात. अशा संस्थांच्या दारात रांगा नसतात, त्यांची छायाचित्रे हृदयद्रावक नसतात; परंतु एका करारातील चूक दाखवली गेल्याने किंवा एका आरोग्य केंद्रात औषधे वेळेवर आल्याने किती घरांचे भले होते, याचा अंदाज भावनेने करता येत नाही.

या प्रतिपादनावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, कोथरूड हे सुस्थितीतले उपनगर आहे, तेव्हा तिथल्या माणसांनी तिथल्याच संस्थांना पैसे देणे म्हणजे भरल्या घरात भर घालणे होय. मेळघाटातील कुपोषित मूल जवळ राहत नाही म्हणून कमी गरजू ठरते काय? या आक्षेपाचा अर्धा भाग वस्तुस्थितीने खोडून निघतो, कारण लक्ष्मीनगर, केळेवाडी, किष्किंधानगर, सुतारदरा या वस्त्या कोथरूडमध्येच आहेत आणि सोसायट्यांमधील घरकाम, राखण आणि सफाई बव्हंशी अशाच वस्त्यांतील माणसांच्या श्रमावर चालते. उरलेल्या अर्ध्या भागाचे उत्तर अधिक मूलभूत आहे. जवळीक हवी ती लाभार्थ्याची नव्हे, संस्थेची. 'साथी'चे काम आदिवासी तालुक्यांपर्यंत पोहोचते, 'प्रयास'चे देशभर. पण त्यांची कार्यालये, त्यांची माणसे आणि त्यांचे हिशेब कोथरूडच्या नागरिकाला चालत जाऊन पाहता येतात. गरज कुठेही असो, देखरेख जवळून करता यावी, हा 'आपल्या परिसरातील संस्था' या कल्पनेचा खरा गाभा आहे. न पाहिलेल्या संस्थेला दिलेला पैसा विश्वासावर जातो. पाहिलेल्या संस्थेला दिलेला पैसा माहितीवर जातो.

दुसरा आक्षेप राज्यसंस्थेसंबंधी आहे. शिक्षण, आरोग्य आणि स्वच्छता ही शासनाची कर्तव्ये असताना नागरिकांनी त्यासाठी वर्गणी काढली तर शासनाला हात झटकायला मोकळीक मिळते, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच संस्थेची निवड करताना ती शासनाची जागा घेऊ पाहते की शासनाला त्याच्या जागेवर आणते, हे पाहणे अगत्याचे ठरते. कचरावेचकांच्या संघटनेने महापालिकेकडून ओळखपत्रे आणि आरोग्य विमा मिळवला, आणि त्यातून एक सार्वजनिक हक्क निर्माण झाला. वर्गणीचा पैसा अशा हक्काच्या दिशेने वळतो, तेव्हा तो करदात्याच्या पैशाला पर्याय ठरत नाही, त्याला जाब विचारणारा साथीदार ठरतो.

तिसरा आक्षेप हा खरे तर एक रूढ गैरसमज आहे: आपला प्रत्येक रुपया थेट 'कामाला' लागावा, कार्यालय आणि पगार यांवर जाऊ नये. पण वस्तीत रोज संध्याकाळी मुलांबरोबर बसणाऱ्या ताईचे मानधन, अभ्यासकाचा पगार आणि खोलीचे भाडे यांना वगळले तर 'काम' म्हणून काय उरते? कंपनी कायद्याने २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले आहे, परंतु हा पैसा बहुधा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांसाठी येतो. प्रकल्प संपला की वाहन उरते, चालकाचा पगार उरत नाही. संस्था मोडते ती पुष्कळदा उद्दिष्ट चुकल्यामुळे नव्हे, तर मार्च महिन्यात वीजबिल आणि पगार भागवता न आल्यामुळे. अनेक लहान वर्गणीदारांचा विनाअट पैसा नेमक्या याच ठिकाणी कामी येतो.

याचा अर्थ डोळे झाकून द्यावे असा मुळीच नाही. वार्षिक अहवालातील जमाखर्च आणि ताळेबंद ही दोन पाने लक्षपूर्वक वाचली तरी पुष्कळ कळते: उत्पन्नाचा स्रोत एकच आहे की अनेक, विश्वस्तांच्या नातेवाइकांना रकमा गेल्या आहेत काय, एका विशिष्ट कामासाठी घेतलेला निधी त्याच कामावर खर्चला काय, आणि बँकेत मोठी ठेव पडून असताना पुन्हा आवाहन का केले जात आहे. 'कायम निधी' म्हणजे ज्याचे मूळ न मोडता केवळ व्याज वापरायचे असते तो निधी, आणि 'निर्देशित निधी' म्हणजे विशिष्ट हेतूसाठी राखून ठेवलेला निधी, एवढे समजले तरी प्रश्न विचारता येतात. जी संस्था अशा प्रश्नांनी दुखावली जाते तिच्यापासून दूर राहावे. प्राप्तिकरातील ८०जी या नावाने परिचित असलेली सवलत हा उपयुक्त लाभ आहे, पण नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. केवळ सवलतीसाठी देणाऱ्याचा हात नियम बदलताच आखडतो, वर्गणीदाराचा आखडत नाही.

पैशाखेरीज वेळेची वर्गणीही असते. दृष्टिहीन विद्यार्थिनीला परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक लागतो, आणि तो सामान्यतः तिच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे दहावीच्या मुलीसाठी शेजारच्या सोसायटीतील नववीतली मुलगी लेखनिक होऊ शकते. तीन तास परीक्षार्थिनीने सांगितले तेच, ना एक शब्द अधिक ना एक कमी, लिहिताना त्या नववीतल्या मुलीला समतेचा जो धडा मिळतो तो पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. पितृपंधरवड्यात पूर्वजांच्या नावाने काही देण्याची रीत आहे. तिला सामाजिक वळण देऊन २००५ पासून पुण्यात 'देणे समाजाचे' हे स्वयंसेवी संस्थांचे प्रदर्शन भरत आले आहे, आणि कर्वे रस्त्यावरील सभागृहात अनेक संस्थांचे कार्यकर्ते एका छताखाली भेटत आले आहेत. अशा ठिकाणी पाकीट देऊन लगेच बाहेर पडण्यापेक्षा एका टेबलासमोर अर्धा तास बसून कार्यकर्त्याला विचारावे की गेल्या वर्षी कोणते काम फसले. ज्याला त्याचे उत्तर सरळ देता येते, त्याची संस्था वर्गणीला योग्य समजावी.

तेव्हा कोथरूडच्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची एक संस्था निवडावी, तिचा गेल्या वर्षीचा अहवाल मागून घ्यावा, महिन्याला झेपेल अशी रक्कम ठरवून ती किमान पाच वर्षे न चुकता द्यावी, आणि वर्षातून एकदा तिथे जाऊन प्रश्न विचारावेत. हिंगण्याचा आश्रम ७५० रुपयांच्या झोपडीत सुरू झाला, आणि आज त्याच जागी महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेत मुली शिकत आहेत.